कुलाब्याची सरकलेली तबकडी

आठवड्यापूर्वी स्टाफरूममध्ये मी सहज बोलून गेलो, "रेडिओवर 'स्लिप डिस्क'बद्दल बोलायचं आहे." आमच्या भूगोलाच्या प्राध्यापकांच्या कमरेला गेली सहा वर्षे पट्टा आहे. ते लगबगीने खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "सर, आधी मला सांगा, तुम्हाला कुठल्या मणक्याचा त्रास?" त्यांची निराशा करणं माझ्या जिवावर आलं, पण करावी लागली. मला बोलायचं होतं ते मुंबईतल्या एका क्लबाविषयी. कुलाब्यात एके काळी 'स्लिप डिस्क' नावाचा एक क्लब होता. डिस्क म्हणजे मणक्यातली चकती आणि डिस्क म्हणजे गाण्याची तबकडीही. नाव ठेवणारा मोठा मिष्किल माणूस असला पाहिजे. ज्या ठिकाणी लोक रात्रभर कंबर हलवणार, त्या ठिकाणाला कंबरेच्या दुखण्याचं नाव!

श्रोते हो, 'क्लब' म्हटलं की आपल्यापुढे जे चित्र येतं ते बहुधा हिंदी चित्रपटातलं. १९७१ साली 'हरे राम हरे कृष्ण' आला, त्याच वर्षी 'कारवाँ' आला. गोल जिना, रंगीत दिवे, पिसांचा पोशाख घातलेल्या हेलनबाई आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला खलनायक. आमच्या देहूरोडसारख्या छावणीच्या गावात क्लबाची एवढीच माहिती होती, आणि ती पुरेशी वाईट होती. खऱ्या क्लबात असला जिना नसे. 'स्लिप डिस्क' ही जागा लहान, कोंदट आणि धुराने भरलेली होती. थोडे पैसे भरून आत जायचं, तबकड्या ऐकायच्या, नाचायचं, आणि नशीब असेल तर एखाद्या वाद्यवृंदाला समोर वाजवताना ऐकायचं. जवळच ताजमहाल हॉटेलात 'ब्लो अप' नावाचा डिस्कोथेक होता, पण तो खिशात पैसे असलेल्यांचा. कुलाब्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या गोऱ्या हिप्प्याला आणि झेव्हियर किंवा एल्फिन्स्टनमधून तास बुडवून आलेल्या पोराला परवडेल अशी जागा ही.

हिप्पी मंडळी कुलाब्यात का, असं कुणी विचारील. त्याचं कारण भूगोलाचंच आहे; आमच्या सहकाऱ्यांना तेवढ्यापुरता भाषणाचा उपयोग झाला. युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा खुष्कीचा मार्ग करत ही पोरं मुंबईला येत आणि पुढे गोव्याला जात. गोव्याची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून सुटे. बोट मिळेपर्यंत किंवा घरून मनीऑर्डर येईपर्यंत कुलाब्याच्या स्वस्त लॉजात मुक्काम. जवळचे पैसे संपले की काही जण गिटार विकून टाकत, आणि इथल्या पोरांना ती हवीच असे.

कारण वाद्यं मिळत नसत, हो. परदेशी मालाच्या आयातीवर त्या काळी कडक निर्बंध होते. जर्मनीत 'हॉफनर' नावाची गिटार बनते, तर आपल्या कलकत्त्यात 'हॉबनर' बनायची. अमेरिकेत 'गिब्सन', तर आपल्याकडे 'गिव्हसन'. नावातलं एकेक अक्षर बदलून देशी कारागिराने निम्मी अडचण सोडवली. उरलेली निम्मी वाजवणाऱ्याने बोटांनी सोडवायची. गिटारीचा आवाज मोठा करणारी यंत्रं, ज्यांना अॅम्प्लिफायर म्हणतात, ती तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून व्हॉल्व्ह जोडून बनवून घ्यायची.

आणि हे संगीत त्यांनी ऐकलं कुठे? इथे आपल्या आकाशवाणीचं नाव थोडं संकोचाने घ्यावं लागतं. १९४० साली आकाशवाणीने बाजाच्या पेटीला बंदी केली. ती जवळजवळ तीस वर्षं टिकली. पन्नाशीच्या दशकात, बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री असताना, चित्रपटगीतांनाही दार बंद झालं, आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे कान लावून बसला. शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. जिथे हार्मोनियमला प्रवेश नव्हता, तिथे विजेच्या गिटारीने कुठे उभं राहायचं? ज्या संस्थेच्या ध्वनिक्षेपकासमोर मी हे बोलतो आहे, ती आज हे बोलू देते, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

तर मग या पोरांनी रेडिओ सिलोन ऐकला, बी.बी.सी. ऐकला, कुणा खलाशाने आणलेली तबकडी झिजेपर्यंत ऐकली. कलकत्त्याहून निघणारं 'ज्युनियर स्टेट्समन' नावाचं साप्ताहिक वाचलं. १९७० आणि १९७१ साली 'सिमला' सिगारेटच्या नावाने देशभरच्या वाद्यवृंदांच्या स्पर्धा झाल्या, 'सिमला बीट' या नावाने त्यांच्या तबकड्याही निघाल्या. सिगारेटच्या जाहिरातीतून एका पिढीचं संगीत जतन व्हावं, हा योग विचित्र खरा. पण ज्या सुरांना सरकारदरबारी जागा नव्हती त्यांना पानतंबाखूवाल्यांनी आसरा दिला, ही वस्तुस्थिती आहे.

आता 'स्लिप डिस्क'च्या कीर्तीचं मुख्य कारण सांगतो. लंडनमध्ये १९६८ साली 'लेड झेपेलिन' नावाचा चौघांचा वाद्यवृंद निघाला. तीन-चार वर्षांत तो जगातल्या सर्वांत बलाढ्य रॉक वाद्यवृंदांपैकी एक झाला. त्यांच्या कार्यक्रमांना अमेरिकेत मैदानं अपुरी पडत. १९७२ साली त्यांच्यातले दोघे, गिटार वाजवणारा जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट, मुंबईत आले. कार्यक्रम करायला नव्हे. पेजला आपल्या संगीताची ओढ होती. त्यापूर्वी चार वर्षं, १९६८ च्या जानेवारीत, बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला होता. पेजलाही तसंच काही करून बघायचं होतं. बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांनी वादक जमवून दिले आणि स्टुडिओत दोन गाणी मुद्रित झाली.

आणि एका संध्याकाळी हे दोघे कुलाब्यात 'स्लिप डिस्क'मध्ये शिरले. तिथल्या वादकांनी गळ घातली असेल, किंवा यांचेच हात शिवशिवले असतील. त्या लहानशा मंचावर चढून, मुंबईच्याच पोरांना साथीला घेऊन, तिथलीच वाद्यं हातात घेऊन ते वाजवू लागले. जाहिरात नाही, तिकीट नाही. ज्यांना ऐकण्यासाठी अमेरिकेत लोक रात्रभर रांगेत उभे राहत, ते गल्लीतल्या क्लबात हाताच्या अंतरावर गात होते.

कल्पना करा, आपल्या गावच्या भजनी मंडळात गुरुवारी रात्री अचानक भीमसेन जोशी येऊन बसले आणि म्हणाले, "जरा तो तंबोरा इकडे द्या." त्यानंतर गावात काय होईल? पुढची पन्नास वर्षं गावातला प्रत्येक म्हातारा सांगेल की त्या रात्री मी तिथे होतो. 'स्लिप डिस्क'चं तेच झालं. त्या खोलीत माणसं मावणार किती आणि "आम्ही होतो" म्हणणारे किती, याचा हिशेब मांडला तर क्लब शिवाजी पार्काएवढा भरेल. मला यात खोटेपणा वाटत नाही. काही प्रसंग असे असतात की तिथे नसणं माणसाला सोसत नाही.

या मंडळींत मराठी कोणी होतं की नाही, हा प्रश्न माझे विद्यार्थी हटकून विचारतात. होतं तर. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे हे रंगभूमीवरचं दांपत्य आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. त्यांचा मुलगा नंदू भेंडे. 'वेल्वेट फॉग' नावाच्या मुंबईच्या रॉक वाद्यवृंदाचा तो गायक. १९७४ साली अॅलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे संगीतक इंग्रजीत उभं केलं, त्यात जूडासची भूमिका नंदूची. पुढे १९७८ साली पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणला. ब्रेख्तचं नाटक, रूपांतर पु. ल. देशपांडे यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. त्यात नंदू भेंडे गायला आणि मराठी प्रेक्षकाने, बहुधा प्रथमच, नाट्यगृहात बसून रॉकचा गळा मराठी शब्दांतून ऐकला. शेजारी नाट्यसंगीत आणि लावणी, आणि मध्येच हा गळा! प्रेक्षक काही उठून गेले नाहीत. उलट प्रयोगामागून प्रयोग झाले. २०१४ साली नंदू भेंडे गेले. माझं प्रामाणिक मत असं की, आपल्या संगीताच्या इतिहासात त्यांना जेवढ्या ओळी मिळायला हव्यात त्यांच्या चौथाईही मिळालेल्या नाहीत.

'स्लिप डिस्क' पुढे बंद झाला. असे क्लब बंदच होतात, त्याबद्दल फार अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. तिथली पोरं कुणी जाहिरातीत गेली, कुणी चित्रपटांच्या वाद्यवृंदात, कुणी परदेशी. 'अॅटॉमिक फॉरेस्ट' नावाच्या वाद्यवृंदाची तबकडी निघाली, तिला त्या वेळी फारसं कुणी विचारलं नाही. आता तीच तबकडी जगभरचे शौकीन शोधत फिरतात. आपल्याकडे रद्दीचा भाव गेल्याशिवाय वस्तूला किंमत येत नाही.

मी जन्मलो तेव्हा 'स्लिप डिस्क'चे दिवस सरले होते. माझ्या वाट्याला आलं ते 'रंगभवन'. धोबीतलावाजवळ, सेंट झेव्हियर कॉलेजला लागून असलेलं उघडं नाट्यगृह, आणि तेही सरकारी! १९७८ साली पहिली 'जाझ यात्रा' तिथेच भरली. सनी रोलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक तिथे वाजवून गेला. आणि १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या आसपास 'इंडिपेन्डन्स रॉक' हा मेळा भरू लागला. रॉक मशीन, परिक्रमा, पेंटाग्राम हे सारे वाद्यवृंद त्या मंचावर उभे राहिले. 'स्लिप डिस्क' खोलीएवढा, तर रंगभवन आकाशाएवढं.

१९९९ साली मी बी.ए.च्या वर्गात होतो. वडील देहूरोडच्या डेपोत नोकरीला. डेपो म्हणजे दारूगोळ्याचा, हे आमच्या गावात वेगळं सांगावं लागत नाही. मोठा आवाज झाला की गावातली निम्मी माणसं आधी डेपोच्या दिशेने बघतात. वडील दिवसा डेपोत आणि रात्री भजनी मंडळात. पखवाज वाजवत, आणि चांगला वाजवत. रॉकच्या मेळ्याला जातो म्हटलं असतं तर परवानगी मिळाली नसती, म्हणून मी 'मुंबईला वक्तृत्व स्पर्धा आहे' असं सांगितलं. देहूरोडहून लोकलने लोणावळा, तिथून मुंबईची गाडी, व्ही.टी.ला उतरून मेट्रो सिनेमावरून चालत रंगभवन. पाऊस होता. हजारो पोरं काळे शर्ट घालून भिजत उभी होती. पहिला ठोका पडला तो कानात नव्हे, छातीत पडला. एवढंच मला त्या संगीताबद्दल शास्त्रीय म्हणून सांगता येईल.

रात्र स्टेशनच्या बाकावर काढली. पहाटेची इंद्रायणी पकडली. देहूच्या पोराला घरी आणणाऱ्या गाडीचं नाव दुसरं काय असणार? लोणावळ्याला उतरून लोकल पकडली आणि घरी आलो. आई काही विचारी, ते मला ऐकूच येईना. कानात शिट्टी वाजत होती. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "काय रे, स्पर्धेत एवढे ढोल होते?" मी खरं ते सांगून टाकलं. ते रागावले, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पखवाजाला कणीक लावता लावता म्हणाले, "ठेका कोण धरतो रे त्यांच्यात?" मी म्हटलं, "ड्रम वाजवणारा." "एकटाच?" "एकटाच." ते जरा थांबून म्हणाले, "दमत असेल बिचारा." आमच्या घरात रॉकवर झालेली चर्चा ती एवढीच.

नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत रंगभवनचा आवाज बंद झाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. तिथे दिवसा पन्नास डेसिबल आणि रात्री चाळीस डेसिबल एवढीच मुभा. रंगभवनच्या भोवती कॉलेजही आहे आणि रुग्णालयंही. चाळीस डेसिबलमध्ये रॉक तर सोडाच, टाळ-मृदंगाचं भजनसुद्धा बसणार नाही. आम्ही मित्र त्या वेळी फार चिडलो. गणपतीला चार दिवस सूट, नवरात्राला सूट, लग्नाच्या वरातीला कुणी अडवत नाही, आणि वर्षातून एकदा भरणाऱ्या आमच्या मेळ्यालाच कायदा आठवला, असं आम्ही बोलत होतो. माझं हे मत पुढे कित्येक वर्षं कायम होतं.

मग वडील आजारी पडले. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. सांगून काही उपयोग नाही. शेवटचे आठ दिवस होते. रात्री दहानंतर खालच्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली, ट्रॅक्टरवर भिंतीएवढे कर्णे लावलेले. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. जो माणूस आयुष्यभर पखवाजाशेजारी बसला, त्याने उशी कानावर ओढून घेतली. मी खाली पळत गेलो, हात जोडले. त्यातला एक पोरगा माझ्याच कॉलेजातला निघाला. त्याने आवाज कमी केला, पण मिरवणूक वळणापलीकडे जाईपर्यंतच. तिथून पुन्हा पहिल्यासारखा. जिना चढताना मला रंगभवन आठवलं. तिथल्याही कुठल्या खिडकीत त्या पावसाळी रात्री कुणी असाच उशी ओढून पडला असेल. मी तर तेव्हा मंचासमोर हात वर करून ओरडत होतो.

तेव्हापासून रंगभवनबद्दल बोलताना माझा आवाज जरा खाली आला आहे. तरीही एक तक्रार उरतेच. रुग्णालयाशेजारी आवाज नको, हे मान्य. पण मग कुठे हवा, याचं उत्तर कुणी दिलं नाही. जागा बंद करणं एका कागदाचं काम असतं. जागा करून देणं कुणाचंच काम नसतं. पुढे असे मेळे शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर गेले, तिकिटं महाग झाली. पुण्यात २०१० साली 'एन.एच. सेव्हन वीकेंडर' सुरू झाला, तो मोठा झाला, चांगलाही झाला. 'इंडिपेन्डन्स रॉक' मध्यंतरी खंड पडून २०२२ साली मुंबईत पुन्हा भरला. पण लोकलच्या पासावर आणि एका वडापाववर पोरगा जाऊ शकेल अशी सरकारी, उघडी, स्वस्त जागा मला अजून कुठे दिसलेली नाही. आमच्या भागात कारखाने शेकड्यांनी आहेत, पत्र्याच्या शेड आहेत, आवाजाची सवय असलेले कामगार आहेत. रविवारी बंद असलेली एखादी शेड मिळावी म्हणून माझे विद्यार्थी दारोदार फिरले आहेत. शेवटी त्यांनी विकासनगरच्या बाजूला एक गाळा भाड्याने घेतला. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले आहेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तो जातो तो जातोच. रात्री साडेनऊला शेजारच्या आजी दार वाजवतात आणि ही पोरं थांबतात. आजींशी त्यांचं चांगलं आहे. दिवाळीला फराळाचा डबा येतो.

हा विषय मी निवडला तो एका मुलीच्या प्रश्नामुळे. याच गाळ्यातली, ड्रम वाजवणारी मुलगी. 'स्लिप डिस्क'ची गोष्ट ऐकून तिने विचारलं, "सर, ते कुठे आहे? बघायला मिळेल का?" काय दाखवणार? दगड नाही, पाटी नाही. दाखवण्यासारखी एकच वस्तू शिल्लक आहे, आणि तीही क्लबातली नव्हे. पेज आणि प्लांट यांनी मुंबईत मुद्रित केलेली ती दोन गाणी त्रेचाळीस वर्षं डब्यात पडून होती. २०१५ साली लेड झेपेलिनच्या 'कोडा' या संग्रहाची वाढीव आवृत्ती निघाली, तीत ती अधिकृतपणे बाहेर आली. त्यातलं एक 'फोर स्टिक्स'. चार काठ्या. मूळ इंग्रजी मुद्रणात त्यांच्या ड्रमवाल्याने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं, म्हणून हे नाव. चाल अशी की कधी पाचाचा हिशेब, कधी सहाचा. मुंबईच्या मुद्रणात हाच हिशेब आपल्या वादकांच्या हाती आहे.

ते मुद्रण मी तिला गाळ्यात ऐकवलं. त्या दिवशी माझ्याबरोबर वडिलांचे भजनी मंडळातले सोबती आले होते, वय ब्याऐंशी. देहूरोड बाजारातून त्यांना घरी सोडायला निघालो होतो, वाटेत थांबलो. मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं बसता का?" ते अंड्यांच्या ट्रेकडे बघत प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. गाणं सुरू झालं तशी त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा पाच. मग मध्येच अडखळले, कपाळाला आठी घातली.

"लबाड आहे," ते म्हणाले. "मी पाच मोजतोय तोवर ह्याने सहा केले. पुन्हा लाव."

मुलीने पुन्हा लावलं. तिसऱ्या खेपेला त्यांचं बोट चुकलं नाही. साडेनऊ वाजले होते. आजींनी दार वाजवलं तेव्हा ते दोघे चौथ्यांदा ऐकत होते.